चैत्रापासूनचा नेम



मागे एका वारीत आमच्या दिंडीतले एक गृहस्थ दिवे घाटाच्या पायथ्याशी बसले ते उठेनात. माणूस आजारी नव्हता, व्यसनी नव्हता. पण पुण्याहून सासवडचा तो पल्ला म्हणजे तीस किलोमीटरांच्या आसपास चाल, शेवटी घाटाचा चढ, आणि बहुधा तो एकादशीलाच येतो, म्हणजे पोटात उपवास. जवळ बसून विचारले तेव्हा म्हणाले, "माघात रोज दोन कोस चालत होतो हो. चैत्र लागला अन् सुटलं ते सुटलंच." आधी घरचे लग्न, मग पाहुणे, मग नांगरट आणि शेणखत. यातले एकही कारण खोटे नव्हते.

विचार करावयाचा तो इथेच. गुढीपाडव्यापासून ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींचे प्रस्थान होईपर्यंत सुमारे पावणेतीन महिने मिळतात, आणि आपल्याकडे सर्वांत धांदलीचा काळ नेमका हाच. सवड मिळाली की चालू, असे म्हणणाऱ्याला ती मिळत नाही. शरीर तर थांबत नाही. कमावलेला दम दोन-तीन आठवडे बसून काढले की उतरू लागतो. मग माघातली चाल आषाढात काय कामाची?

आता हरिपाठाचे पाहा. घरी पाहुणे आले म्हणून आपण तो सोडतो का? उलट पाहुण्यांनाच शेजारी बसवून म्हणतो. तो टिकतो, कारण त्याला वेळ ठरलेली आहे आणि तो आवाक्यातला आहे. चालण्याचा नेमही तसाच धरावा. दोन कोसांचा संकल्प सोडू नये. हरिपाठाला जितका वेळ लागतो तितके, म्हणजे अर्धा तास, झपझप चालावे. आठवड्यातून पाच दिवस झाले तरी दीडशे मिनिटे भरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले किमान मापही आठवड्याला दीडशे मिनिटांचेच आहे. लग्नाच्या दिवशी दहाच मिनिटे मिळाली तर दहाच चालावे, पण चालावे. एखादा दिवस अगदीच चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट चालून भरपाई करू नये. पाय भरून येतात आणि तिसरा दिवसही हातचा जातो.

शेतकरी म्हणेल, "आम्ही दिवसभर राबतो, आम्हांला कसला व्यायाम?" खरे आहे, त्याचा दम उत्तमच असतो. पण ढेकळांत कुळवामागे चालणे निराळे आणि तापल्या डांबरी रस्त्यावर सलग सहा तास चालणे निराळे. त्याने आठवड्याच्या बाजाराला गाडीवर न जाता पायी जावे, इतके पुरे. दुकानदाराने आणि कचेरीत बसणाऱ्याने मात्र रोजचा नेम सोडू नये.

वेळ पहाटेची, काकड्यानंतरची. उन्हाची सवय शरीराला आठ-पंधरा दिवसांत होते, पण भर दुपारी चालून ती करू जाल तर अंगाशी येईल. चक्कर आली, मळमळले, की सावलीत बसावे आणि पाणी घ्यावे. हृदयविकार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेह्याने अनवाणी चालण्याचा हट्ट तर मुळीच धरू नये.

ज्येष्ठ लागला की आठवड्यातून एकदा चाल वाढवीत दोन, मग तीन कोसांवर न्यावी, आणि ती ओझ्यासह. ज्या माउली डोक्यावर तुळस घेऊन पंढरीला जातात त्यांनी रिकाम्या डोक्याने सराव करून कसे चालेल? आणि वहाणा नव्या घ्यावयाच्या असतील तर आताच घ्याव्यात. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी घेतलेली वहाण पुण्यापर्यंतच फोड आणते.