‘निर्घृण’ या शब्दाविषयीं

गेल्या सहामाही परीक्षेच्या एका उत्तरपत्रिकेंत ‘निर्गुण हत्या’ असे शब्द वाचावयास मिळाले. निर्गुण म्हणजे सत्त्व, रज, तम या गुणांच्या पलीकडचा. संतांनीं हें विशेषण परमेश्वरास लाविलें. बिचाऱ्या विद्यार्थ्यास ‘निर्घृण’ म्हणावयाचें होतें! हंसूं आलें खरें. पण दोष केवळ त्याचा नव्हे. हा शब्द आपण वृत्तपत्रांत खुनाच्या बातमीशेजारीं नित्य वाचतों, आणि त्याच्या पोटांत काय आहे हें क्वचितच पाहतों.

शब्द फोडला असतां ‘निर्’ व ‘घृणा’ अशीं दोन पदें मिळतात. येथेंच घोटाळा होतो. मराठींत घृणा म्हणजे किळस, तिटकारा. मग ज्यास किळस नाहीं तो क्रूर कसा? याचें उत्तर संस्कृतांत आहे. अमरकोशांत करुणा, कृपा, दया यांच्या पंक्तीस घृणा हा शब्द बसविला आहे. पुढें त्याच कोशांत जुगुप्सा हाही त्याचा अर्थ दिला आहे. मूळ धातूंत प्रकाश व ऊब यांची कल्पना आहे. आपला ‘घाम’ ज्या ‘घर्म’ शब्दापासून आला तोही त्याच कुळांतील. दुसऱ्याचें दुःख पाहून हृदय जिच्यामुळें वितळतें ती ऊब म्हणजे घृणा, असें समजल्यास अर्थ विसरत नाहीं. मराठीनें एकटी घृणा घेतांना किळस घेतली; निर्घृण घेतांना मात्र दयेचा जुना अर्थ जपला. ब्रह्मसूत्रांतही (२.१.३४) ‘नैर्घृण्य’ हें भाववाचक नाम आलें आहे : जगांत इतकें दुःख असतां ईश्वरावर निर्दयतेचा आरोप येतो कीं काय, हा तेथील प्रश्न.

आतां उपयोग. वाघास क्रूर म्हणावें, बोलण्यास निष्ठुर म्हणावें. वाघ भुकेनें मारतो, त्याजकडून दयेची अपेक्षाच नसते. म्हणून ‘निर्घृण वाघ’ मला तरी खटकतो. जेथें दया असावयास हवी होती आणि नव्हती, तेथेंच हा शब्द शोभतो. त्यास रक्तच सांडलें पाहिजे असें नाहीं. मानेस जखम झालेल्या बैलावर जूं ठेवून वर पराणी टोंचणारा गाडीवान निर्घृणच. आणि कुत्र्याच्या शेपटीस डबा बांधून टाळ्या पिटणारीं मुलें? त्यांस आपण घरीं ‘खोडकर’ म्हणतों! पालकांनीं येथें क्षणभर थांबावें. मूल शब्द शिकतें तें आपल्याच तोंडून.

लिहितांना ‘घ’ला ऋकार द्यावा, उकार नव्हे, रेफ त्याच ‘घ’वर. ‘निर्घृणपणें’ हें क्रियाविशेषण, ‘निर्घृणता’ हें नाम.