अणुभट्टीची शिदोरी

कोळशानें भरलेल्या वाघिणींची लांबलचक रांग एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडे जातांना नाशिक रोडच्या बाजूस राहणाऱ्यांनीं पुष्कळ वेळां पाहिली असेल. त्या केंद्रांत 210 मेगावॅटचे तीन संच आहेत. त्यांपैकीं एकच संच दिवसभर पूर्ण शक्तीनें चालविला तर जवळजवळ एक मालगाडीभर कोळसा भस्म होतो. पालघर जिल्ह्यांत समुद्रकांठीं तारापूर येथें 1969 सालीं ज्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या, त्याही प्रारंभीं प्रत्येकीं 210 मेगावॅटच्याच होत्या. अशा एका भट्टीस वर्षभर पुरणारें युरेनियम वजनानें एका वाघिणीचेंही ओझें नव्हे. तेव्हां हिला शिदोरीची काळजी ती कसली, असें कोणासही वाटेल. हा समज कितपत खरा, हें तारापूरच्याच इतिहासावरून पाहूं.

खाणींतून निघणाऱ्या युरेनियमांत भट्टीच्या उपयोगी पडणारा भाग शेंकडा पाऊणहूनही कमी असतो. तारापूरच्या त्या दोन भट्ट्या अमेरिकन बांधणीच्या; त्यांस हा भाग शेंकडा दोन-अडीचपर्यंत वाढविलेलें, म्हणजे समृद्ध केलेलें, युरेनियम लागतें. 1963 च्या करारान्वयें तें तीस वर्षें पुरविण्याचें अमेरिकेनें मान्य केलें होतें. परंतु 1974 सालीं पोखरण येथें आपण अणुस्फोट केला, 1978 सालीं अमेरिकेनें नवा कायदा केला, आणि पुरवठा अडखळत अडखळत थांबला. 1982 च्या तडजोडीनें फ्रान्स पुढें आला. 1993 नंतर चीन, मग रशिया. घरांत साखर संपली तर शेजारच्या काकूंकडून वाटीभर आणतां येते. हा जिन्नस देणारीं घरें मात्र साऱ्या जगांत बोटांवर मोजण्याइतकीं! जळून गेलेल्या इंधनाचीही तीच अडचण झाली. अमेरिकेच्या संमतीवांचून त्यावर प्रक्रिया करतां येईना, आणि तें परतही जाईना; वर्षानुवर्षें तें तारापुरासच सांभाळीत बसावें लागलें.

यावर आपल्या शास्त्रज्ञांनीं दुसरी वाट धरली. जड पाणी वापरणाऱ्या भट्टींत नैसर्गिक युरेनियमच चालतें. पण येथेंही सांखळी आहेच. रायगड जिल्ह्यांतील थळ येथें 1987 पासून जड पाणी तयार होतें तें शेजारच्या खतकारखान्याच्या वायूवर. म्हणजे खताचा कारखाना थांबला कीं जड पाणीही थांबलें. युरेनियम झारखंडांतील जादुगुडा वगैरे खाणींतून येतें. तेथील एक टन खडकांतून जेमतेम अर्धा किलो हातीं लागतें. 2008 च्या सुमारास हें घरचें इंधन इतकें अपुरें पडलें कीं, देशांतील भट्ट्या निम्म्या शक्तीनें चालवाव्या लागल्या. त्याच वर्षीं परदेशी खरेदीची दारें उघडलीं, तेव्हां कोठें ही तूट भरून येऊं लागली. यंत्रभागांच्या बाबतींत मात्र आपली स्थिति पुष्कळ बरी आहे. पुणें जिल्ह्यांतील वालचंदनगरसारख्या ठिकाणीं, जेथें साखरेचा कारखाना होता, तेथेंच अणुभट्टीचे अवजड भागही घडविले गेले.

आतां 2025 च्या अर्थसंकल्पांत लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठीं 20,000 कोटी रुपयांची योजना जाहीर झाली असून, 2033 पर्यंत निदान पांच देशी भट्ट्या चालू करण्याचा संकल्प आहे. त्यांतील 200 मेगावॅटच्या नमुन्याची पहिली भट्टी तारापूरच्याच आवारांत उभारण्याचें योजिलें आहे, आणि तिला पुनः किंचित् समृद्ध केलेलेंच युरेनियम लागणार. आज आठवींत असलेला विद्यार्थी तोंवर कॉलेजांतून बाहेर पडलेला असेल, आणि भट्टी चालेल ती त्याच्या उतारवयापर्यंत. इतक्या वर्षांचें इंधन कोणाच्या घरून यावयाचें, त्यानें हात आखडला तर दुसरें दार कोणतें, आणि जळलेलें इंधन अखेर कोठें जावयाचें, हे तीन प्रश्न भट्टीच्या किंमतीच्याही आधीं विचारले जावे, असें आम्हांस वाटतें.