पुरानंतर निचऱ्याचे चेंबर कसे शोधावे?

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडी (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर) परिसरात २००५, २०१९ व २०२१ साली महापूर आले. पूर ओसरल्यावर काठच्या शेतांत गाळ साचतो. बांधाच्या खुणा पुसल्या जातात आणि क्षारपड जमिनीतील भूमिगत निचऱ्याचे चेंबर गाळाखाली दडतात. चेंबर वेळीच साफ न झाल्यास निचरा तुंबतो व क्षार पुन्हा वर येऊ लागतात. म्हणून शेतकरी बंधूंनी पावसाळ्यापूर्वीच चेंबरच्या जागांची नोंद करून ठेवावी.

नोंद कशी करावी?

१) गटाच्या नकाशाच्या प्रतीवर प्रत्येक चेंबरला क्रमांक द्यावा.

२) हातातील जी.पी.एस. यंत्र चेंबरवर, मोकळ्या आकाशाखाली पाच मिनिटे धरावे. जागा ठरविण्यासाठी यंत्रास किमान ४ उपग्रहांचे संकेत लागतात. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, पाच दशांश स्थळांपर्यंत लिहावेत.

३) विहिरीचा कठडा, पाण्याची टाकी अशा पुरात न हलणाऱ्या दोन जवळच्या खुणा निवडाव्यात. चेंबरवर उभे राहून त्यांच्या दिशा होकायंत्राने अंशांत मोजाव्यात. दोन्ही दिशांमध्ये शक्यतो काटकोन असावा. होकायंत्र मोटार, ट्रॅक्टर व विजेच्या तारांपासून दूर धरावे.

४) दोन्ही खुणांपासूनचे अंतर टेपने मोजून लिहावे.

पूर ओसरल्यावर

मोकळ्या रानात जी.पी.एस. यंत्र साधारणपणे ३ ते ५ मीटरपर्यंत जवळ नेते. झाडांखाली चूक वाढते. तेथून पुढे, दोन्ही खुणांच्या दिशा नोंदीशी जुळतील अशी जागा शोधावी. १०० मीटर अंतरावर १ अंशाची चूक म्हणजे पावणेदोन मीटरचा फरक, म्हणून शेवटी टेपने खात्री करावी. नंतर पाइप फुटणार नाही अशा बेताने पहारीने चाचपावे.

हद्दीसाठी वापरू नये

याच यंत्राने बांध ठरवू नये. ४० मीटर लांबीच्या बांधावर ५ मीटरची चूक झाली, तर २०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २ गुंठे जमिनीचा वाद उभा राहतो. हद्दीसाठी भूमि अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून घ्यावी. मोजणीचे रोव्हर यंत्र वेगळे असून ते सेंटिमीटरपर्यंत अचूक असते.

नोंदवहीची एक प्रत पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवण्यास विसरू नये.