शाई वाळू द्या

लग्नाची डीव्हीडी हातात आली की माणसं ती लावण्याआधी उलटीपालटी करून बघतात. फोटो नीट आलाय का, नावात चूक नाही ना, तारीख आहे का, हे आधी. आतलं चित्रीकरण नंतर. त्यामुळे सटाण्यासारख्या गावात स्टुडिओवाल्याची पत बऱ्याच अंशी डिस्कच्या वरच्या बाजूवर ठरते. आता बहुतेक गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह मागतात हे खरं. तरीही ‘घरात ठेवायला’ म्हणून डीव्हीडी करून घेणारी कुटुंबं अजून आहेत. शाळेचं स्नेहसंमेलन, भजनी मंडळाचा कार्यक्रम, देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या यात्रेतला रथ, अशा कामांसाठीही डिस्क लागतात. मागणी घटली तशी कोऱ्या डिस्कची निवडही घटली, आणि फसायला होतं ते नेमकं तिथेच.

मी फसलो ते एका लग्नाच्या कामात. ज्येष्ठ महिना होता, पावसाला नुकती सुरुवात झालेली. मुलगी बागलाणातली, मुलाकडचे बरेच नातेवाईक कामधंद्यानिमित्त सुरतेला. घरटी एक डीव्हीडी अशी मोठी ऑर्डर होती. नेहमीच्या डिस्क बाजारात नव्हत्या, म्हणून घाऊक विक्रेत्याने वेगळ्या छापाचा डबा दिला. डब्यावर ‘प्रिंटेबल’ असं ठळक छापलेलं, आतल्या डिस्क पांढऱ्याशुभ्र. छापून निघाल्या तेव्हा रंगही चांगले दिसले. पूर्ण दिवसभर आणि रात्रभर वाळवून मगच त्या पाकिटात भरल्या. सुरतेला पाकिटं उघडली तेव्हा शालूचा लाल रंग पाकिटाच्या प्लॅस्टिकला आतून चिकटलेला होता आणि नवरीच्या नावातली पहिली दोन अक्षरं डिस्कवरून पुसली गेली होती. माझ्याकडे उरलेल्या डिस्कवर बोट फिरवलं, तर शाई अजून ओली होती. चित्रीकरण शाबूत होतं, पण मुलीच्या आईला फोनवर ते सांगून काय उपयोग? विक्रेत्याने हात वर केले. मी सगळ्या डिस्क चांगल्या मालावर पुन्हा करून दिल्या. त्या नुकसानीतून जे कळलं आणि पुढच्या कामात जे पक्कं झालं, ते या व्यवसायात असलेल्यांसाठी आणि घरच्या घरी डिस्क छापणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

पांढरी डिस्क आणि छपाईची डिस्क

इंकजेटची शाई पाण्यासारखी पातळ असते. ती टिकायची तर डिस्कच्या पृष्ठभागाने ती शोषून घ्यायला हवी. छपाईच्या डिस्कवर त्यासाठी खास शोषक लेप दिलेला असतो. साध्या डिस्कवर नुसता पांढरा रंग दिला तर दिसायला ती तशीच दिसते, पण शाई तिच्यावर थेंबाथेंबाने बसून राहते. माझ्या त्या डब्यात हेच होतं.

नवा डबा आला की मी आता त्यातली एक डिस्क बाजूला काढतो. कडेला ओल्या बोटाने पाण्याचा बारीक थेंब लावतो. चांगल्या लेपावर थेंब पसरतो आणि मुरतो. नुसत्या रंगावर तो गोल, फुगीर राहतो. चकचकीत, पाण्याला दाद न देणाऱ्या छपाईच्या डिस्कही मिळतात. त्यांच्यावर थेंबाची परीक्षा फसवते, म्हणून खरी कसोटी छपाईचीच. गडद लाल आणि गडद निळ्या रंगाचा एक पट्टा छापायचा, दुसऱ्या दिवशी त्यावर कोरडं बोट दाबून फिरवायचं. बोट स्वच्छ राहिलं तरच तो डबा कामाला घ्यायचा.

डब्यावरच्या नावावर पूर्ण भिस्त ठेवू नका. एकेकाळी आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या डिस्क बनवणारी मोझर बेअर ही कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. रेकॉर्ड करता येणारी सीडी ज्यांनी घडवली त्या जपानच्या तैयो युदेन कंपनीने २०१५ च्या अखेरीस या धंद्यातून अंग काढून घेतलं. आज हातात येणारा डबा जुना साठा असू शकतो, किंवा ओळखीच्या नावाखाली दुसऱ्याच कारखान्याचा माल असू शकतो. डिस्क संगणकात घालून इमेजबर्नसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये पाहिली की तिच्या मूळ कारखान्याचा कोड दिसतो. ज्या कोडचा माल चांगला निघाला तो वहीत टिपून ठेवा. पुढच्या खरेदीला डब्यावरच्या छापापेक्षा ती नोंद कामी येते.

छपाईची जागा किती आहे तेही खरेदीच्या वेळी बघून घ्या. डिस्कचा व्यास १२० मिलिमीटर आणि मधलं भोक १५ मिलिमीटरचं. काही डिस्कवर पांढरा लेप भोकापासून बराच दूर, साधारण ४३ ते ४६ मिलिमीटरच्या वर्तुळापासून सुरू होतो; काहींवर तो आत २२ मिलिमीटरच्या आसपासपर्यंत जातो. प्रोग्रॅममध्ये आतला आणि बाहेरचा व्यास आपल्या डिस्कप्रमाणे भरला नाही, तर शाई पारदर्शक प्लॅस्टिकवर पडते, वाळत नाही आणि ट्रेलाही लागते. ट्रेवरची शाई तिथल्या तिथे पुसली नाही तर पुढची प्रत्येक डिस्क खालून डागाळते.

वरची बाजू नाजूक असते

लेसर खालच्या बाजूने वाचतो, म्हणून लोक खालची बाजू जपतात आणि वरून बिनधास्त बॉलपेनने लिहितात. सीडीच्या बाबतीत हे फार महागात पडतं. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर, पण माहितीचा थर अगदी वरच्या लेपाखाली असतो. वरून चरा खोल गेला की माहितीच जाते. डीव्हीडी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या जोडून बनते आणि माहिती त्या दोघींच्या मध्ये सुरक्षित असते, म्हणून ती वरच्या ओरखड्याला थोडी अधिक टिकते.

याच कारणाने कागदी स्टिकर मी कायमचे बंद केले. ते किंचित जरी तिरपे बसले, तरी वेगात फिरताना डिस्कचा तोल जातो. डिंक सुकला, आकसला की डीव्हीडी वाकू शकते, आणि स्टिकर ओढून काढला तर सीडीचा थर त्याच्याबरोबर निघू शकतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन-मानक संस्थेने २००३ मध्ये सीडी-डीव्हीडी सांभाळण्याची पुस्तिका काढली. दीर्घकाळ ठेवायच्या डिस्कना चिकट लेबल लावू नये, असाच तिचाही सल्ला आहे. थेट छपाईत वजनही वाढत नाही आणि तोलही बिघडत नाही. मात्र छपाई पक्की व्हावी म्हणून कोणी वरून वार्निशचा किंवा लॅकरचा फवारा मारायला सांगितलं तर ऐकू नका. त्यातला थिनर पॉलिकार्बोनेट खातो.

आधी राईट, मग छपाई

हा क्रम मोडू नये. छपाईत डिस्क हाताळली जाते, ट्रेमध्ये बसते, धूळ आणि बोटांचे ठसे लागतात. त्यानंतर राईट केली तर मधूनच चूक येण्याचा धोका वाढतो, आणि डिस्क बाद झाली तर शाईही वाया जाते. आधी राईट करा, व्हेरिफाय करा, दुसऱ्या प्लेअरवर सुरुवात, मध्य आणि शेवट बघा, मगच छपाईला घ्या. डिस्क कडेला आणि भोकाला धरा. पांढऱ्या लेपावर तेलकट बोट लागलं की त्या जागी शाई बसत नाही, आणि छापल्यावर बोटाची रेष न् रेष उमटते. मांडवात जेवून आलेल्या माणसाच्या हातात कोरी डिस्क देऊ नका.

नावं वाचता आली पाहिजेत

डिझाइन ३०० डीपीआयवर करायचं तर १२० मिलिमीटरला सुमारे १४१७ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो त्यात ताणला की चेहरे फुटतात. मूळ फाइल मागवा. वधूवरांचा फोटो मधोमध ठेवला तर भोक बरोबर दोघांच्या मध्ये किंवा कुणाच्या तरी गालावर येतं. एक चेहरा डावीकडे, एक उजवीकडे, किंवा दोघं खालच्या अर्ध्या भागात आणि नावं वर, ही मांडणी सोयीची पडते.

मराठी अक्षरांची काळजी वेगळी घ्यावी लागते. शोषक लेपावर शाई थोडी पसरते. बारीक टाइपात ‘ष्ट’, ‘श्र’, ‘द्व’ यांची पोकळी भरते आणि रफार-अनुस्वार शिरोरेषेत मिसळतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं काढली तर चारी बाजूंनी शाई आत सरकून ती आणखी बारीक होतात, कारण प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. दिसतो तो डिस्कचा पांढरा रंग. म्हणून अक्षर ठसठशीत घ्या, आणि पांढरी अक्षरं तर मोठीच ठेवा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मजकूर केला असेल तर कोरलड्रॉमध्ये त्याचे कर्व्ह करून घ्या आणि चित्राच्या रूपात छपाईच्या प्रोग्रॅममध्ये न्या. नाहीतर दुसऱ्या संगणकावर नावाच्या जागी अगम्य चिन्हं येतात.

संपूर्ण डिस्क गडद भरणं टाळलेलं बरं. यात्रेच्या डिस्कवर भगवी पार्श्वभूमी सगळ्यांना आवडते, पण काठापासून भोकापर्यंत दाट भगवा भरला तर शाई जास्त पडते आणि वाळायला फार वेळ घेते. मी वरून खाली फिकट होत जाणारा भगवा घेतो आणि छपाईची घनता एक पायरी उतरवतो. डोळ्याला रंग तेवढाच भरतो.

प्रिंटर, वीज आणि उन्हाळा

आपल्याकडे स्टुडिओत एप्सनचे एल८०५, एल८०५० असे सहा रंगांचे टाकीवाले प्रिंटर डिस्क छापतात. त्यातली शाई डाय प्रकारची, म्हणजे रंग झळाळतो पण साध्या लेपावर पाण्याचा थेंब पडला की ओघळतो. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा. कागदाच्या प्रकारात ‘सीडी/डीव्हीडी’ निवडायला विसरू नका. फोटो पेपरची सेटिंग ठेवली तर शाईचं प्रमाण चुकतं. प्रिंटरबरोबर आलेलाच ट्रे वापरा, आणि प्रिंटर सुरू होऊन स्थिर झाल्यावरच तो आत सरकवा. पहिली छपाई बाद झालेल्या डिस्कवर घ्या. वर्तुळ एका बाजूला सरकलं असेल तर जागा मिलिमीटरच्या अंशाने दुरुस्त करता येते. मोठ्या ऑर्डरआधी नोझल चेक काढा. एकही रेघ तुटलेली असेल तर चेहऱ्यावर आडव्या रेषा येतात.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी गाठतो, हवा कोरडी होते आणि प्रिंटर काही दिवस पडून राहिला की हेड सुकतं. त्यात वीज जाण्याची भर. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. छपाई चालू असताना वीज गेली किंवा भिंतीवरचं बटण दाबून बंद केलं, तर हेड उघडंच राहतं आणि शाई सुकते. म्हणून प्रिंटर इन्व्हर्टरवर घ्या. वीज जाऊन ट्रे आत अडकला तर ओढू नका; वीज आल्यावर प्रिंटरला तो बाहेर काढू द्या. काम नसेल तेव्हाही आठवड्यातून एक रंगीत पान काढलेलं हेड जाम होण्यापेक्षा स्वस्त पडतं. शाई कंपनीची वापरा. सुट्या बाटलीतल्या शाईने वाचलेले पैसे हेड बदलताना दामदुप्पट जातात.

चोवीस तास

छापल्यानंतर हाताला कोरडी लागणारी डिस्क आतून कोरडी झालेली नसते. किमान २४ तास ती सपाट, सुटी, वर पांढरी बाजू ठेवून झाकलेल्या पण हवा खेळत्या जागी ठेवा. पावसाळ्यात याहून जास्त वेळ द्या. मार्गशीर्षातल्या कोरड्या थंडीत जी छपाई दुसऱ्या दिवशी खणखणीत असते, तीच आषाढातल्या दमट हवेत तिसऱ्या दिवशीही बोटाला ओलसर लागू शकते. डिस्क एकावर एक रचू नका. उन्हात मुळीच ठेवू नका: ऊन आणि उष्णता रेकॉर्ड केलेल्या थरातला रंग बिघडवतात, म्हणजे वरचं चित्र वाळवताना आतलं लग्न जातं. घाईने ओली डिस्क प्लेअरमध्ये घातली तर शाई आत लागून यंत्रही खराब होतं. वाळल्यावर ती चिकट पाकिटापेक्षा कडक डबीत, उभी ठेवा. रंग खरा कसा दिसेल तेही पूर्ण वाळल्यावरच ठरवा.

ज्या कामात डिस्क हा पुरावा असेल, उदाहरणार्थ दुकानातल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण वकिलांना द्यायचं असेल, तिथे चित्रांची हौस करू नका. मधल्या पारदर्शक वर्तुळावर पाण्याच्या शाईच्या मऊ पेनने दिनांक आणि विषय लिहा, तेवढं पुरे.

स्टुडिओवाल्या मित्रांनो, ऑर्डर घेतानाच पावतीवर लिहा : छपाईनंतर किमान एक दिवस. गिऱ्हाईक घाई करेल, पाहुणे निघालेत म्हणेल, सुरतेची गाडी संध्याकाळची आहे म्हणेल. तरीही ओली डिस्क हातात देऊ नका; दुसऱ्या दिवशी कुरिअरने पाठवा, खर्च गरज पडली तर स्वतः सोसा. आणि नवा डबा परीक्षा न घेता कामाला लावू नका, मग तो कितीही ओळखीच्या माणसाने दिलेला असो. त्या डिस्कवर कुणाच्या तरी मुलीचं नाव असतं. ते वर्षानुवर्षं वाचता आलं पाहिजे.