टेक इट इझी : जितके जण, तितके कागद

‘टेक इट इझी’ हा फरशा मांडण्याचा खेळ एकट्याने खेळा नाहीतर लग्नघरातल्या सगळ्या पाहुण्यांना घेऊन खेळा, नियम तेच. विकतचा संच नसला तरी अडत नाही, कागद-पेनावर मस्त जमतो.

लागेल ते : प्रत्येकाला एक कोरा कागद व पेन, चिठ्ठ्यांसाठी जाड कागद, एक डबा.

तयारी

1. जाड कागदाचे 27 सारखे तुकडे कापा. लहान-मोठे झाले तर हाताला ओळखू येतात!

2. प्रत्येक तुकड्यावर तीन आकडे लिहा : वर 1, 5, 9 पैकी एक, खाली डावीकडे 2, 6, 7 पैकी एक, खाली उजवीकडे 3, 4, 8 पैकी एक. तेच तीन आकडे दोन चिठ्ठ्यांवर नकोत.

3. चिठ्ठ्या तपासा. प्रत्येक आकडा बरोबर 9 चिठ्ठ्यांवर दिसला पाहिजे.

4. घड्या घालून चिठ्ठ्या डब्यात टाका.

5. प्रत्येकाने आपल्या कागदावर पाच उभ्या रांगांत गोल काढा : 3, 4, 5, 4, 3. एकूण 19. शेजारच्या रांगेतला गोल दोन गोलांच्या मधोमध यायला हवा; अगदी समोरासमोर काढलात तर तिरक्या ओळी जुळणार नाहीत.

खेळ

6. एकाला पुकारायला बसवा. तोही आपला कागद घेऊन खेळतो.

7. पुकारणाऱ्याने न बघता एक चिठ्ठी काढा. त्याआधी डबा हलवायला विसरू नका.

8. आकडे तंबोल्यासारखे मोठ्याने पुकारा : आधी वरचा, मग डावा, मग उजवा. दोनदा सांगा, म्हणजे ‘काय म्हणालास?’ची भानगड नको.

9. सगळ्यांनी ते तीन आकडे कुठल्याही एका रिकाम्या गोलात लिहा. लिहिलं की खोडायचं नाही, म्हणूनच पेन!

10. निघालेली चिठ्ठी बाजूला ठेवा. चुकून डब्यात परत गेली तर डाव बाद.

11. पायरी 7 ते 10 पुन्हा करत 19 गोल भरा. डब्यात 8 चिठ्ठ्या उरतातच, तेव्हा एकाच चिठ्ठीची वाट बघत बसू नका. नडणारे आकडे टाकायला एखादी छोटी ओळ खुशाल वाया जाऊ द्या, आणि 9, 8, 7 मधल्या लांब ओळींसाठी राखा.

मोजणी

12. उभ्या ओळी बघा. वरचा आकडा ओळीत सगळीकडे सारखा असेल तरच गुण : आकडा गुणिले गोल. पाच गोलांत 9 म्हणजे 45. एकही वेगळा निघाला तर त्या ओळीचे शून्य.

13. डावीकडे खाली उतरणाऱ्या ओळी डाव्या आकड्यांवरून मोजा. इथे वरचे आकडे बघायचेच नाहीत.

14. उजवीकडे उतरणाऱ्या ओळी उजव्या आकड्यांवरून मोजा. एकूण 15 ओळी झाल्या ना? एखादी राहून जाते.

15. बेरीज करा. ज्याची जास्त, तो जिंकला.

या खेळात जास्तीत जास्त 307 गुण होतात. कुणी त्याहून मोठा आकडा सांगितला, तर कागद हातात घ्या आणि पुन्हा मोजा!