वाचकांचे प्रश्न : उजनीत स्वतःची मोटारबोट

प्रश्न : राहायला सोलापुरात, शेती करमाळा तालुक्यात उजनीच्या काठाला. दोघंच बसतील अशी छोटी कॅटमरान, मागे बॅटरीवरची मोटार, घ्यायची आहे. बोटीची किंमत 4 लाख, कर वेगळा. विक्रेता म्हणतो, एवढ्याशा बोटीला नोंदणी लागत नाही. शिवाय ‘मच्छीमारी बोट’ म्हणून बिल करून देतो, कर वाचेल. रविवारी पाहुण्यांना पैसे घेऊन फिरवलं तर चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी बिलाचं बघू, कारण अंगाशी येणारी गोष्ट तीच आहे. मौजेच्या बोटींवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे, म्हणजे तुमच्या बोटीवर 1 लाख 60 हजार. मच्छीमारी बोटीला 5 टक्के, म्हणजे 20 हजार. फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे, मान्य. पण बिलावर एक आणि नोंदणीच्या अर्जावर दुसरंच लिहिलेलं असलं, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

नोंदणीबाबत विक्रेता थाप मारतोय. 1917 चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 आला. तो धरणाच्या पाण्यालाही लागू आहे आणि यंत्रावर चालणाऱ्या बोटीला त्यात आधी सर्वेक्षण, मग नोंदणी, शिवाय विमा लागतो. मोटार बॅटरीवरची असली तरी ती यंत्रच. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आहे.

नोंदणी झाली म्हणजे उजनी मोकळी झाली, असंही नाही. जलाशय जलसंपदा खात्याचा. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी संपादित जमीन, पूर्वी तुमच्या आजोबांची असली तरी, आता खात्याचीच. तिथे धक्का बांधायचा किंवा बोट कायमची लावून ठेवायची तर भीमानगरच्या धरण कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. हिप्परग्याच्या तलावात बोट उतरवायची झाली तरी आधी खात्यालाच विचारावं लागेल. बोट ट्रेलरवरून नेणार असाल, तर ट्रेलरची आरटीओ नोंदणी वेगळी.

पाहुण्यांकडून पैसे घेण्याचा विचार मात्र सोडा. भाडं घेतलंत की तो व्यावसायिक वापर झाला. सर्वेक्षण, चालकाची पात्रता, विमा, सगळंच बदलतं. दोन माणसांच्या बोटीत एक तुम्ही, म्हणजे गिऱ्हाईक एकच. त्यातून विम्याचा हप्तासुद्धा निघायचा नाही. आणि 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगाव-कळाशी मार्गावरची बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले, हे करमाळ्याकडे कुणाला सांगायला नको. कॅटमरान सहसा डुलत नाही, पण हलकी असते. वळवाच्या वाऱ्यापुढे तिचं काही चालत नाही. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नव्हे.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं. तशी जुन्या गावांची बांधकामं पाण्याखाली असतात, वर मच्छीमारांची जाळी. पंख्यात जाळं अडकून फाटलं, तर भरपाई मागितली जाणारच. विमा घेताना हे नुकसान त्यात बसतं का, ते विचारून घ्या.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ऑर्डरवर एक ओळ लिहून घ्या : सर्वेक्षणात बोट नापास झाली, तर पूर्ण पैसे परत. विक्रेता कां-कूं करू लागला, तर दुसरा पाहा.