‘गुत्ता’ आणि ‘परमिट रूम’ : मराठी साहित्यातील मद्यपानाची जागा

महानगरातील वस्तीलगतचे खाण्यापिण्याचे ठिकाण, जिथे दिवसभराच्या कामानंतर ओळखीची माणसे टेकतात, ते इंग्रजी साहित्यात कथानकाची भूमीच झालेले दिसते. चॉसरच्या यात्रेकरूंची गाठ साउथवर्कच्या ‘टॅबर्ड’मध्ये पडते, ईस्टचीपच्या मद्यगृहावाचून फॉल्स्टाफची कल्पनाही करता येत नाही. मराठी साहित्यात मद्यपी ठळक आहे, पण मद्यगृहाला असे स्थान क्वचितच लाभले आहे. नीतिकल्पनांचा धाक हे याचे एक कारण खरेच. परंतु भाषेने या जागेला दिलेली नावे तपासली, तर आणखी एक कारण हाती लागते.

‘गुत्ता’ या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता किंवा ठेका. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही ‘गुत्तेदार’ म्हणतात. दारूविक्रीचा मक्ता जिथे चाले, ती जागा गुत्ता झाली. दुसरा शब्द ‘परमिट रूम’ हा मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949 याचे अपत्य. पिणाऱ्याजवळ परवाना हवा आणि त्याने प्यायचे ते नेमून दिलेल्या खोलीत. बंदी पुढे सैल झाली, तरी पाटी राहिली. तिच्याशेजारी ‘फॅमिली रूम’ची पाटी लागते, तेव्हा पहिल्या खोलीत कोणी बसू नये हेही आपोआप सांगितले जाते. इंग्रजीतील ‘पब्लिक हाउस’ हे नाव जागा कोणासाठी आहे ते सांगते. आपली दोन्ही नावे सांगतात ती एवढेच, की परवानगी कोणाची. बसणाऱ्यांचा परस्परसंबंध या नावांत कुठेच नाही. (तो सापडतो ‘चकणा’सारख्या शब्दात. हिंदीतील ‘चखना’ मराठीत आला आणि तिरळ्या नजरेच्या शब्दाशी एकरूप झाला. उकडलेल्या शेंगांची बशी टेबलावर सर्वांची असते. भाषेचे हे कसब टेबलावरचे आहे, शासनाचे नव्हे.)

या पार्श्वभूमीवर गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ पुन्हा वाचावे. 1919 मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आलेल्या या नाटकात तळीराम ‘आर्य मदिरा मंडळ’ स्थापन करतो. त्या काळच्या सभा-मंडळांच्या हौसेचे हे विडंबन आहे, हे सर्वमान्य आहे. पण विडंबनासाठी का होईना, पिणाऱ्यांच्या एकत्र बसण्याला स्वतःचे नाव मिळते ते इथे. तळीरामाला गुत्ता पुरत नाही. त्याला संस्था हवी असते. माझ्या मते सुधाकराच्या शोकांतिकेइतकाच हा भाग समाजाभ्यासकाला मोलाचा आहे, आणि वर्गात तो बहुधा ‘विनोदी प्रवेश’ म्हणून उरकला जातो.

साठच्या दशकात मुंबईच्या गद्याला बैठकीची जागा सापडली, तीही रस्त्यावर. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ (1965) या शीर्षकातच ती आहे. लघुनियतकालिकांच्या लेखकांना इराण्याच्या हॉटेलाने चहाच्या किमतीत तासन्‌तास बसू दिले. काळा घोडा येथील ‘वेसाइड इन’ हे अरुण कोलटकरांचे नेहमीचे ठिकाण. तेथून दिसणारा परिसर, न्याहारीला जमणारी फुटपाथवरची माणसे, यांवर त्यांनी दीर्घ कवितामाला रचली. पण ती इंग्रजीत, ‘काळा घोडा पोएम्स’ (2004) या नावाने. द्वैभाषिक कवीने खाण्याची ही जागा इंग्रजीकडे का सोपवली, याचा विचार व्हायला हवा.

नंदुरबार जिल्ह्यातील अध्यापकासमोर हा प्रश्न वेगळ्याच रूपात येतो. अक्राणी-अक्कलकुव्याकडील भिल्ल-पावरा समाजात मोहाची दारू पिण्याची जागा म्हणजे दुकान नव्हे, अंगण. आणि पहिली धार जमिनीवर, देव-पूर्वजांच्या नावाने. होळीच्या मेळ्यात, लग्नात तिला विधीचे स्थान असते. मुंबई आबकारी कायद्याने (1878) घरी दारू गाळणे हा गुन्हा ठरला आणि अंगणाच्या जागी मक्त्याचे दुकान आले. गुत्ता हा शब्द इथे केवळ व्यसनाचे नाव घेऊन आला नाही. तो कर, मक्तेदार आणि कर्ज बरोबर घेऊन आला. म्हणूनच 1930 च्या दशकात तळोदा परिसरात गुलाम महाराजांनी ‘आप’ पंथातून दारू सोडण्याचा जो उपदेश केला, त्याची जातकुळी शहरी मद्यपाननिषेधाहून निराळी ठरते. तेथे दारू सोडणे म्हणजे दुकानदाराच्या हिशेबवहीतून सुटणेही होते.

‘एकच प्याला’तील सिंधूचे दुःख बहुतांशी घराच्या भिंतींआड घडते, आर्य मदिरा मंडळाच्या दाराशी ती उभी राहत नाही. 1972-73 च्या सुमारास शहादा भागात श्रमिक संघटनेच्या चळवळीतील आदिवासी स्त्रिया मात्र जथ्याने गावोगाव गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. शहाद्याच्या किंवा धडगावच्या वर्गात हे नाटक शिकवताना या दोन स्त्रीरूपांची तुलना विद्यार्थी आपणहून करतात. अभ्यासक्रमाने तिच्यासाठी एखादी तासिका राखावी, आणि त्या तासिकेला आरंभ ‘गुत्ता’ या शब्दापासून व्हावा.